घरच्या घरी उसाची काकवी: नाशिककरांसाठी कृती आणि कारणे

कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळा सरता सरता अनेक कुटुंबे अंगणातल्या मेपलच्या झाडाला छोटे भोक पाडून रस गोळा करतात आणि तो घरीच आटवून सिरप तयार करतात. हा छंद आपल्याकडेही करून पाहावा असे बऱ्याच जणांच्या मनात येते, परंतु मेपलचा रस वाहण्यासाठी रात्री पारा शून्याखाली जावा लागतो आणि दिवसा शून्याच्या वर यावा लागतो, आणि हा चढउतार काही आठवडे चालावा लागतो. निफाडजवळच्या कुंदेवाडीला एखाद्या कडाक्याच्या पहाटे पारा पाच अंशांखाली उतरला तरी त्या हवामानाची बरोबरी होत नाही. शिंदीच्या झाडाची नीरा काढायची म्हटली तर तिला परवाना लागतो. मात्र तेच काम, म्हणजे झाडाचा गोड रस धीराने आटवून बाटलीत भरण्यासारखा दाट पाक करणे, नाशिकमध्ये उसाच्या रसावर उत्तम करता येते. त्याचे फळ म्हणजे काकवी.

हिशेबाच्या दृष्टीनेही ऊस आपल्या स्वयंपाकघराला अधिक मानवणारा आहे. मेपलच्या रसात साखर साधारण दोनच टक्के असते, त्यामुळे एक लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. पक्व उसाच्या रसाचे ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेची साधारण टक्केवारी, हिवाळ्यात १८ ते २२ असते, म्हणून पाच लिटर रसातून साधारण एक लिटर काकवी पडते. घरच्या शेगडीवर एका दुपारी होण्याजोगे हे काम आहे.

काकवीचा दर्जा तीन ठिकाणी ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे: ऊस तुटल्यापासून रस चुलीवर चढेपर्यंतच्या वेळात, मळी (तापवताना रसावर तरंगून येणारी घाण) काढण्याच्या अर्ध्या तासात आणि उतरवण्याआधीच्या शेवटच्या दहा मिनिटांत. मधला सगळा वेळ पाणी उडवण्याचा असतो आणि त्यात फारसे कौशल्य लागत नाही. म्हणून या लेखातही त्या तीन टप्प्यांवरच अधिक सविस्तर लिहिले आहे.

ऊस आणि रस

नोव्हेंबरअखेर ते मार्चपर्यंतचा काळ या कामाला योग्य आहे, आणि त्यातही डिसेंबर-जानेवारीची थंडी उत्तम, कारण थंडीत उसातील साखर वाढते आणि काढलेला रस आंबण्याचा वेगही कमी असतो. निफाड, दिंडोरी आणि पळसे परिसरात ऊस भरपूर आहे; ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक मोळी मिळाली तर त्याहून चांगले काही नाही. को ८६०३२ हा वाण गूळ आणि काकवीसाठी नावाजलेला आहे आणि त्याचा खोडवा (तोडणीनंतर जुन्या बुंध्यातून पुन्हा फुटलेला ऊस) हंगामाच्या सुरुवातीलाच पक्व झालेला सापडतो. ऊस निवडताना कांड्यावरचे डोळे फुगीर आहेत का, कांड्यांवर ठोकल्यास खणखणीत आवाज येतो का आणि आडवा कापल्यावर आतला गर भरीव आहे का, हे पाहावे. तुरा येऊन बरेच दिवस झालेला ऊस आतून भेंडाळतो आणि त्याचा रस कमी पडतो. उभा चिरल्यावर आत लाल पट्टे दिसले किंवा आंबूस वास आला तर तो ऊस लाल कूज या रोगाचा समजून बाजूला टाकावा, कारण अशा एका उसाने सगळा रस बिघडतो.

तोडणीनंतर २४ तासांच्या आत रस निघाला पाहिजे. उसाच्या पेशींमधले विकर (एन्झाइम) तोडणीनंतरही काम करत राहते आणि साखरेचे विघटन ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये होत जाते. शिवाय कापलेल्या टोकांतून जिवाणू आत शिरतात आणि रसाला बुळबुळीतपणा व आंबटपणा आणतात. शेंड्याकडची वाढ्याला लागून असलेली तीन-चार कांडी कापून टाकावीत, कारण त्यांत साखर कमी आणि क्षार व खारटपणा जास्त असतो. उरलेल्या उसाच्या प्रत्येक पेऱ्याभोवती मुळांची जी कडी असते तिच्यात माती अडकून बसते आणि कांड्यावर पांढरट मेणाचा थर असतो; हे दोन्ही कोयत्याच्या पाठीने खरवडून, ऊस ब्रशने घासून धुवावा. ही मेहनत कंटाळवाणी वाटते, पण चरकातून माती एकदा रसात गेली की ती काढण्याचा सोपा उपाय नाही.

घरी चरक नसतोच, त्यामुळे रसवंतीचा आधार घ्यावा. सकाळी पहिले गिऱ्हाईक होऊन जावे, आपला धुतलेला ऊस सोबत न्यावा आणि रसवंतीवाल्या काकांना आधी यंत्रावर स्वच्छ पाणी मारायला सांगून मगच गाळप करून घ्यावे. आले, लिंबू आणि बर्फ यांपैकी काहीही रसात पडता कामा नये, हे आवर्जून सांगावे, कारण त्यांच्या हाताला सवयीने उसाच्या घडीत लिंबू सरकवण्याचे वळण असते. नऊ-दहा किलो सोललेल्या उसातून अशा यंत्रावर साधारण पाच लिटर रस मिळतो. रस स्टीलच्या डब्यात घ्यावा आणि थेट घरी आणून चुलीवर चढवावा. रसवंतीपासून शेगडीपर्यंत दोन तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नये.

द्राक्ष बागायतदारांच्या घरी ब्रिक्स मीटर असतेच. ते उसने मिळाले तर रसाचा एक थेंब त्यावर पाहावा. १८ च्या वर आकडा आला तर रस चांगला समजावा, आणि १५-१६ वर राहिला तर ऊस अपक्व आहे, काकवी कमी पडेल आणि आटवायला वेळ अधिक लागेल हे गृहीत धरावे.

भांडी आणि तयारी

उकळताना रस तिपटीपर्यंत फुगतो. पाच लिटर रसासाठी म्हणूनच किमान १५ लिटरचे पातेले हवे, आणि ते जितके पसरट असेल तितकी वाफ लवकर निघते. जाड बुडाचे स्टील सर्वांत सोयीचे. लोखंडी कढईत काकवीचा रंग काळपट होतो, पण तिची चव अनेकांना आवडते. नाशिकच्या जुन्या तांबट लेनमधले पितळी पातेले घरात असेल तर त्याला कल्हई ताजी असल्याची खात्री करून मगच वापरावे, कारण रस आम्लधर्मी असतो आणि कल्हई गेलेल्या पितळेतून तांबे रसात उतरते. ॲल्युमिनियम टाळावे.

याशिवाय एक बारीक जाळीचा झारा, मलमलचे दोन स्वच्छ फडके, १२० अंशांपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा थर्मामीटर, एक किलोपर्यंत ग्रॅममध्ये तोलणारा काटा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्या लागतात. पातेल्यात आधी सव्वा लिटर पाणी ओतून एका स्वच्छ लाकडी पट्टीवर त्याची खूण करून ठेवावी. रस आटत आटत त्या खुणेशी आला की जागचे हलायचे नाही, एवढे त्या खुणेचे काम.

काम शक्यतो अंगणात, गच्चीवर किंवा खिडकीजवळ करावे. चार लिटर पाणी वाफ होऊन निघते आणि बंद स्वयंपाकघरात ती भिंतींवर चिकट थर धरते. गॅसच्या मोठ्या बर्नरवर पाच लिटर रसाला अडीच ते तीन तास आणि साधारण अर्धा किलो गॅस लागतो, हे आधीच लक्षात घेऊन सिलिंडर पाहून ठेवावा. लहान मुलांना या कामाच्या वेळी शेगडीजवळ येऊ देऊ नये. उकळता पाक कातडीला चिकटून राहतो आणि साध्या गरम पाण्यापेक्षा खूप खोल भाजतो.

मळी

रस मलमलमधून गाळून पातेल्यात अर्धा तास स्थिर ठेवावा आणि मग तळाशी बसलेला गाळ न हलवता वरचा रस दुसऱ्या भांड्यात निथळून घ्यावा. हा अर्धा तास पुरे. अधिक वेळ थांबल्यास रस आंबू लागतो.

गुऱ्हाळात मळी काढण्यासाठी रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस वापरतात. घरी बाजारातली जून भेंडीही तेच काम करते. पाच लिटर रसासाठी आठ-दहा जून भेंड्या उभ्या चिरून, थोड्या ठेचून, दोन वाट्या पाण्यात तासभर भिजत घालाव्यात आणि हाताने चोळून ते बुळबुळीत पाणी गाळून घ्यावे. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात भाजीसाठी कोणी घेत नाही अशी निबर भेंडी स्वस्त मिळते. या कामाला तीच चांगली. भेंडीच्या या चिकात लांबलचक शर्करासाखळ्या असतात, त्यांना रसातले प्रथिनांचे, मेणाचे आणि मातीचे बारीक कण चिकटतात आणि उष्णतेने एकत्र येऊन वर तरंगतात.

आता रस मध्यम आचेवर ठेवावा आणि अजिबात ढवळू नये. साठ-सत्तर अंशांच्या आसपास कडेने हिरवट करडा फेस दिसू लागतो. रस ८० अंशांच्या पुढे गेला की भेंडीच्या पाण्यातला अर्धा भाग चहूकडे पसरून ओतावा आणि आच थोडी कमी करावी. पाहता पाहता फेस दाट होतो, त्याचा काळपट हिरवा, सुरकुतलेला जाड थर पृष्ठभागावर एकसंध चढतो आणि कडेला भांड्यापासून सुटून त्याला भेगा पडू लागतात. त्या भेगांतून खालचा रस पिवळसर आणि आरपार दिसू लागला की मळी काढण्याची वेळ झाली. झारा कडेने आत सरकवून थर एका बाजूला लोटत अलगद उचलावा आणि शेजारच्या भांड्यात टाकावा. रसाला या वेळी खळखळून उकळी येऊ देणे हे सर्वांत मोठे नुकसान आहे, कारण उकळीने थर फुटतो, मळी रसात परत मिसळते आणि मग कितीही गाळले तरी काकवी गढूळच राहते.

पहिली मळी निघाल्यावर उरलेले भेंडीचे पाणी घालून तीच क्रिया पुन्हा करावी. दुसऱ्या वेळी येणारा फेस फिकट आणि विरळ असतो. तो निघेपर्यंत धीर धरावा. येथे वाचवलेली दहा मिनिटे बाटलीत कायमची दिसत राहतात.

चुन्याविषयी येथेच लिहितो. गुऱ्हाळात रसाची आम्लता कमी करण्यासाठी आणि मळी सुटण्यासाठी चुन्याचे पाणी घालतात, कारण गुळाला रवा धरायला हवा असतो आणि आम्लता जास्त राहिली तर साखरेचे विघटन होऊन ढेप मऊ पडते. काकवीचे याच्या नेमके उलटे आहे. तिच्यात रवा धरू नये, ती पातळच राहावी, अशी आपली इच्छा असते, आणि थोड्या साखरेचे विघटन झाले तर ते आपल्या पथ्यावरच पडते. म्हणून ऊस ताजा असेल तर घरच्या काकवीत चुना मुळीच घालू नये, असे मी सुचवतो. चुना जास्त झाला तर रंग काळवंडतो आणि चवीला एक तुरट, साबणासारखी छटा येते. गुळासाठी वापरला जाणारा हायड्रॉस पावडरसारखा कोणताही रंग उजळणारा पदार्थ तर घरच्या भांड्याजवळही येऊ देऊ नये. काकवीचा खरा रंग मधासारखा तपकिरी असतो आणि तो तसाच शोभतो.

निघालेली मळी बेसिनमध्ये ओतू नये, ती नळीत थिजते. कुंड्यांच्या खताच्या डब्यात टाकली तर तिचे चांगले खत होते.

आटवणे

रस स्वच्छ झाल्यावर आच पूर्ण वाढवावी. मोठ्या आचेवर लवकर आटलेल्या काकवीचा रंग उजळ राहतो आणि मंद आचेवर रेंगाळलेली काळपट व किंचित कडवट होते. फेस उसळून काठाशी येऊ लागला तर शेंगदाणा तेलाचे दोन-तीन थेंब टाकावेत, तो लगेच खाली बसतो; मेपल उकळणारेही याच कारणासाठी लोण्याचा कण टाकतात. अधूनमधून वर येणारा पांढरा फेस काढत राहावा. या दीड-दोन तासांत दुसरी कामे करता येतात, फक्त खोली सोडू नये.

शेवटची दहा मिनिटे

रस पट्टीवरच्या खुणेशी आला की आच मध्यम करावी आणि उलथन्याने तळ सतत खरवडत राहावे, कारण आता पाक दाट झाल्याने तळाला लागू शकतो. बुडबुड्यांचे रूप बदललेले स्पष्ट दिसते: आधीचे छोटे, पांढरे, घाईने फुटणारे बुडबुडे जाऊन त्यांच्या जागी मोठे, सोनेरी, जाड पापुद्र्याचे बुडबुडे येतात आणि ते आळसावल्यासारखे फुटतात. कच्च्या उसाचा हिरवट वास मागे पडून भाजल्यासारखा गोड वास येऊ लागतो.

थर्मामीटर वापरताना नाशिककरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे साधे पाणी १०० अंशांना न उकळता ९८ अंशांच्या आसपास उकळते. पाकाचा उत्कलनांक पाण्याच्या उत्कलनांकाहून किती वर गेला, यावरून त्याचा दाटपणा कळतो. म्हणून पुस्तकात छापलेला आकडा जसाच्या तसा घेतला तर येथे काकवी गरजेपेक्षा दाट होते. काम सुरू करण्याआधी त्याच थर्मामीटरने उकळत्या पाण्याचे तापमान मोजून लिहून ठेवावे. मेपल सिरप पाण्याच्या उत्कलनांकाहून सुमारे चार अंश वर उतरवतात, तेव्हा त्यात साखर ६६ टक्क्यांच्या आसपास असते. काकवी थोडी अधिक दाट, ७० ते ७२ टक्क्यांवर चांगली टिकते, म्हणून ती पाच ते साडेपाच अंश वर उतरवावी. पाणी ९८ ला उकळत असेल तर काकवीचा आकडा १०३ ते १०३.५ असा येतो. गुळासाठी हाच पाक याहून दहा-बारा अंश पुढे न्यावा लागतो. यावरून काकवी किती आधी उतरवायची असते याची कल्पना येईल.

थर्मामीटर नसेल तर झाऱ्यावरून पडणारी धार पाहावी. पाक कच्चा असताना थेंब एकामागून एक सुटे पडतात. तयार होत आला की झाऱ्याच्या कडेला दोन थेंब एकमेकांकडे सरकून जुळतात आणि पातळ पडद्यासारखे एकत्र खाली उतरतात. थंड ताटलीत थेंब टाकून दोन बोटांत धरला तर एकतारी बनते ना बनते अशी अवस्था हवी. पूर्ण एकतारी होईपर्यंत थांबू नये, कारण काकवी थंड झाल्यावर पुष्कळ दाट होते आणि गरम असताना पातळ वाटणे हेच योग्य आहे.

उतरवण्याच्या दोन मिनिटे आधी दर किलो काकवीला ४०० मिलिग्रॅम सायट्रिक ॲसिड किंवा अंदाजे एक चमचा गाळलेला लिंबाचा रस घालावा. त्याने थोड्या साखरेचे विघटन होते आणि बाटलीच्या तळाशी खडे जमत नाहीत. चवीत त्याचा आंबटपणा जाणवत नाही.

ब्रिक्स मीटर उसने आणले असेल तर येथे पुन्हा त्याचा उपयोग होतो. द्राक्षांसाठीचे मीटर बहुधा ३२ पर्यंतच दाखवते, म्हणून १० ग्रॅम काकवीत २० ग्रॅम पाणी मिसळून मोजावे आणि आलेल्या आकड्याला तीनने गुणावे. मीटरवर २३.५ ते २४ आले तर काकवी बरोबर जमली. मोजमाप वजनाने करावे, चमच्याने नव्हे, आणि नमुना खोलीच्या तापमानाला आल्यावरच पाहावा.

भरणे आणि साठवण

बाटल्या आणि झाकणे दहा मिनिटे पाण्यात उकळून, पालथी घालून पूर्ण कोरडी केलेली असावीत. पाण्याचा एक थेंब राहिला तर वरचा थर पातळ होऊन तेथेच बुरशी धरते. काकवी गरम असतानाच, गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या दुहेरी मलमलमधून गाळावी. थंड झालेली काकवी फडक्यातून उतरत नाही. गाळलेली काकवी ८५ अंशांच्या खाली जाण्याआधी बाटलीत गळ्यापर्यंत भरावी, झाकण लावावे आणि बाटली दोन-तीन मिनिटे आडवी धरावी, म्हणजे झाकणाची आतली बाजूही उष्णतेने निर्जंतुक होते.

भरलेल्या बाटल्या आठ-दहा दिवस न हलवता ठेवल्यास तळाशी करडा बारीक गाळ बसतो. तो मुख्यतः रसातल्या क्षारांचा असतो आणि त्यात अपायकारक काही नसते, पण चव खरखरीत लागते. म्हणून वरची नितळ काकवी दुसऱ्या निर्जंतुक बाटलीत काढून, ती पुन्हा ८५ अंशांपर्यंत तापवून भरावी. गाळाजवळची थोडी काकवी भाकरीबरोबर लगेच संपवावी किंवा लापशीत घालावी.

सीलबंद बाटली थंड, अंधाऱ्या जागी अनेक महिने चांगली राहते. उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि नेहमी कोरडाच चमचा वापरावा. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, पृष्ठभागावर फेस दिसला किंवा ताडीसारखा वास आला तर ती आंबली आहे आणि टाकून द्यावी. काही महिन्यांनी तळाशी साखरेचे खडे दिसले तर मात्र काकवी वाया गेलेली नसते: बाटली गरम पाण्यात उभी ठेवून खडे विरघळवावेत, आणि पुढच्या वेळी पाक अर्धा अंश आधी उतरवावा.